पुरावा सरकारी पैशाचा, शिधा मात्र दात्याच्या भरवशावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाची बातमी आली की 'इतके कोटी खर्च झाले' एवढीच चर्चा होते. त्या संशोधनाने काय सिद्ध केले आणि सरकारने त्यातले किती उचलले, हे फारसे कुणी विचारत नाही. जिल्ह्याच्या क्षयरोग कार्यक्रमात नोकरीची बरीच वर्षे काढल्यामुळे मला त्याच एका आजाराविषयी लिहावेसे वाटते.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 पासून 'रेशन्स' नावाची मोठी चाचणी झाली. पैसा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम यांचा, म्हणजे तुमचा-आमचाच. फुप्फुसाच्या टीबीचे 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसे तीत होती. औषधांबरोबर शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला. निम्म्या भागात मात्र घरातल्या इतरांनाही दिला गेला: मोठ्या माणसामागे महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या. बस्स, एवढेच. 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी आणि थुंकीतून पसरणारा फुप्फुसाचा टीबी होण्याचे प्रमाण 48 टक्क्यांनी कमी होते. डाळ-भाताने टीबी जवळपास निम्म्यावर येतो हे सिद्ध झाले! याच चाचणीतून आणखी एक गोष्ट कळली. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे 40 किलोच्या माणसाचे अवघे दोन किलो.

'शिधा दिला तर विकून खातील' हे वाक्य मी बैठकांतून इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा राग येणेही थांबले. विकून खाल्ला असता तर हे आकडे आले असते का?

या निष्कर्षांवर सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 500 रुपये मिळत, ते 1 नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. निदान झाल्यावर 3,000 आणि 84 दिवसांच्या उपचारानंतर 3,000 असे ते खात्यात जमा व्हायचे असतात. बँक खाते आधारला जोडलेले नाही, म्हणून अडकलेल्या हप्त्यांची कहाणी निराळी. ती कुठल्याही आशाताईंना विचारावी. पण ज्या मुद्द्यासाठी ही चाचणी मुळात केली, त्या घरातल्या इतर माणसांचे काय झाले? त्यांचा शिधा 'निक्षय मित्रां'कडे सोपवला गेला. 2022 मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात कंपन्या, संस्था, लोकप्रतिनिधी किंवा कुणीही नागरिक रुग्ण दत्तक घेतो आणि शिध्याची पिशवी देतो. आता त्यात कुटुंबीयांचाही समावेश केला आहे. देणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण कारखाने असलेल्या तालुक्याला मित्र भरपूर मिळतात आणि डोंगरातल्या पाड्याला शोधून आणावे लागतात. काही ठिकाणी एकदा पिशवी वाटली, फोटो निघाला, की पुढच्या महिन्यात कुणी फिरकत नाही. गोळ्या देणगीवर चालवायचे धाडस कुठले सरकार करील का?

इथे जुनी गोष्ट आठवते. 1956 मध्ये मद्रासला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिथले राज्य सरकार यांनी मिळून एक केंद्र काढले. टीबीचा रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवला काय किंवा त्याच्या गरीब घरी गोळ्या दिल्या काय, गुण जवळपास सारखाच येतो आणि घरच्यांना धोका वाढत नाही, हे त्या केंद्राने 1959 मध्ये दाखवून दिले. मिरज, औंध, शिवडीच्या खाटांची वाट पाहणाऱ्यांचे दिवस त्यामुळे पालटले. जगाने हे आपल्याकडून घेतले. सरकारांनीही ते पटकन उचलले, कारण त्यात पैसा वाचत होता. त्याच अभ्यासाचा आधार घेऊन 'औषध असले की आहाराचे एवढे नाही' अशी समजूत मात्र घट्ट बसली आणि ताटाचा विषय कार्यक्रमातून कित्येक दशके बाजूला पडला. खर्च वाचवणारा निष्कर्ष लगेच पचतो, खर्च वाढवणारा घशाशी अडकतो.

नको असलेला निष्कर्षही आपल्या संशोधकांनी लपवलेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूत 1968 पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजी लशीची चाचणी झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती लस वाचवत नाही, हे 1979 मध्ये उघडपणे मांडले गेले.

माझी मागणी मोठी नाही. अन्न सुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबांना माणशी 5 किलो धान्य रेशन दुकानातून मिळतेच. नाही ती डाळ. 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर रुग्णाची नोंद झाली की त्याच्या शिधापत्रिकेवर, उपचार चालू असेपर्यंत, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे दीड किलो तूरडाळ द्यावी. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही, अशा ऊसतोड आणि वीटभट्टी कामगारांना ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावी. तूर महाराष्ट्रातच पिकते आणि हमीभावाने खरेदीही होते. राज्याच्या आरोग्य आणि अन्न पुरवठा खात्यांनी एकत्र बसून याचा खर्च काढावा आणि तो विधिमंडळात मांडावा. परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, पण आकड्यानिशी.

आपली,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी,
सातारा जिल्हा