गडावर कोयता चालवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की तोरण्यावर गडसफाईच्या मोहिमा सुरू होतात. पुण्या-मुंबईची मुलं येतात, टाक्यांतला गाळ उपसतात, प्लास्टिक पोत्यांत भरून खाली आणतात. वेल्ह्यात आमची खानावळ आहे, त्यामुळे यातली बरीच मुलं आमच्याच ओसरीवर जेवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. तक्रार आहे ती कोयत्याबद्दल.

गेल्या वर्षी एका गटाने वाटेच्या दोन्ही अंगांची झुडपं बुंध्यापासून उडवली. वाट कशी मोकळी झाली, म्हणून फोटो काढले. त्या ढिगात सोनघंटेच्या फांद्या होत्या, कळ्यांसकट.

सोनघंटा म्हणजे शास्त्रीय भाषेत ‘अब्युटिलॉन रानडेई’. वुड्रो आणि स्टाप्फ या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९४ साली तिची नोंद केली आणि रानडे या मराठी वनस्पती-संग्राहकाचं नाव तिला दिलं. जगाच्या पाठीवर ती फक्त आपल्या सह्याद्रीत उगवते, तीही महाराष्ट्रातल्या मोजक्या ठिकाणी. अभ्यासक तिला अतिसंकटग्रस्त म्हणतात. आमच्याकडे आहे तीसुद्धा इथे चार झुडपं, तिकडे कड्याखाली दोन, अशी.

फुलावर असली तर तिला चुकून कोणी तोडणार नाही. जास्वंद-भेंडीच्या कुळातली ती. नारिंगी-पिवळी, लालसर रेघांची मोठी फुलं घंटेसारखी खाली लोंबतात. पण ती फुलते हिवाळ्यात, आणि साफसफाई नेमकी त्याच्या तोंडावर होते. तेव्हा दिसतं ते फक्त लवदार, हृदयाच्या आकाराच्या पानांचं उंच झुडूप. रस्त्याकडेला माजणारं मुद्रा नावाचं झुडूप हिच्याच जवळच्या नात्यातलं, त्यामुळे नवख्याला हेही तणच वाटतं. माझ्याकडे उतरलेल्या कॉलेजच्या मुलींनी भिंगातून पानावरची चांदणीसारखी लव दाखवली, तेव्हा कुठे मला फुलाविना ओळखता येऊ लागलं. कळीवर असताना झुडूप तोडलं की त्या वर्षीचं बी गेलं, इतका साधा हिशेब आहे. त्यातून जे वाचतं, ते पुढे उन्हाळ्यात कोणी गवताला काडी लावली की जातं.

तटाच्या चिऱ्यांत मुळं घालणारे पिंपळ-उंबर काढायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पायवाटेवर आलेली फांदीही छाटा. पण वाटेपासून दहा-दहा फूट आत शिरून उतार भुंडा करायची गरज कोणाला आहे? उतार भुंडा झाला की पुढच्या पावसात माती वाहून त्याच टाक्यांत बसते आणि पुन्हा गाळ काढायला मोहीम!

माझं म्हणणं एवढंच आहे, की वनखात्याने आणि पुरातत्त्व खात्याने मोहिमेला परवानगी देताना काय तोडायचं आणि काय नाही, हे लिहून द्यावं. मोहिमेच्या आदल्या दिवशी झाडं ओळखणारं स्थानिक माणूस पुढे पाठवावं. आमच्या गावांत गुरं राखणारे, गवत कापणाऱ्या बायका आहेत. एकदा पान हातात दिलं तर त्या विसरणार नाहीत. त्यांना त्या दिवसाची मजुरी मात्र द्यावी. ‘सेवा’ म्हणून फुकट राबवू नये, कारण मोहिमेला येणाऱ्यांच्या बसचं भाडं कोणीतरी देतंच.

झुडपांना रंगीत फिती बांधायची सूचना एकाने केली होती. मला ती पटत नाही. फीत दिसली की फूल तोडणाराही तिथेच पोहोचतो. तसंच, फुलाचा फोटो जरूर टाका, पण नेमकी जागा टाकू नका. गडाचं नावही नाही घातलं तरी फूल तेवढंच सुंदर दिसतं. (मी इथे तोरण्याचं नाव घेतलं आहे, कारण मोहिमा इथेच होतात. झुडपं कुठे आहेत ते मात्र विचारायला आलात तर जेवून परत जाल.)

यंदाच्या मोहिमांच्या तारखा ठरायला लागल्या आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच छापावं ही विनंती.

आपली,
एक खानावळवाली, वेल्हे (जि. पुणे)