मंडपातला रक्तदाब

संपादक महोदय,
इंदूरच्या गणेशमंडपांत नर्सिंग-वैद्यकीयचे विद्यार्थी रक्तदाब तपासायला बसतात, हा उपक्रम हवाच. पण रांग सरकावी म्हणून धापा टाकत आलेल्याला लगेच पट्टा बांधला की आकडा फुगतो. आधी 5 मिनिटे पाठ टेकवून शांत बसवा. पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, गप्पा बंद. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा. जाड दंडाला लहान पट्टा लावल्यानेही आकडा खोटाच चढतो, म्हणून मोठा पट्टा सोबत हवाच. मिनिटभराने पुन्हा मोजा. आणि टेबल ढोल-ताशापासून लांब मांडा, स्टेथोस्कोपमध्ये ठोकेच ऐकू येत नाहीत! 140/90 किंवा जास्त आल्यास गोळी सुचवू नका; आकडा, तारीख, वेळ लिहून चिठ्ठी हातात द्या आणि दवाखान्यात पाठवा.
– एक नर्सिंग शिक्षिका, इंदूर