स्लाइड बघणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रिपोर्टखाली सही डॉक्टरांची असते. लॅबमध्ये रक्ताची स्लाइड रंगवून बघणाऱ्याचं नाव कुठंच येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आमच्या आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या तपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, आल्या २२ हजार; असायला हव्यात दीड ते साडेचार लाख. त्यात पावसाळा, गावात डेंग्यूचे पेशंट. सगळ्यांचं धाबं दणाणलं. भावकीच्या ग्रुपवर ‘प्लेटलेट पाहिजेत’ फिरू लागलं, पाहुणे सांगलीत रक्तपेढ्या पालथ्या घालायला लागले. आण्णा मात्र निवांत भाकरी-खरडा खात बसलेले.

डॉक्टरांनी फेरतपासणीला तुमच्याकडं पाठवलं. तुम्ही आधी विचारलंत, हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर लाल ठिपके उठलेत का? नाही म्हटल्यावर मशीनचा आकडा बाजूला ठेवून स्लाइड केलीत. पेशी उठून दिसाव्यात म्हणून लिशमनचा रंग, वर तेलाचा थेंब. मलाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलात. रक्ताच्या थराच्या पातळ कडेला बारीक जांभळे दाणे फसलेल्या साबुदाण्यासारखे गोळे होऊन बसले होते. “ह्या काय तुमच्या प्लेटलेट. कुठं गेल्या नाहीत.”

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. हजारात एखाद्याच्या प्लेटलेट नेमक्या त्यातच एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त नळीत. मशीन आकार बघून मोजतं, गोळ्याला ते प्लेटलेट धरतच नाही. एवढा कमी आकडा आल्यावर पहिल्याच ठिकाणी कुणीतरी काच बघायला हवी होती. असो.

मग तुम्ही निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन लगेच लावलंत; त्यात ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं, तेही रक्त गोठू देत नाही. १ लाख ७० हजार! त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, त्यानं रक्त थोडं पातळ होतं, म्हणून दहा टक्के वाढवून १ लाख ८७ हजार लिहिलेत. नाहीतर आण्णांना विनाकारण प्लेटलेट चढल्या असत्या, ऑपरेशन लांबलं असतं, कुणी हाडातला मगज काढून तपासायलाही सांगितलं असतं.

‘ईडीटीएमध्ये गुठळ्या होतात, सायट्रेट वापरावे’ असं तुम्ही रिपोर्टवर पेनानं लिहून दिलंत. त्याची झेरॉक्स आण्णा आधार कार्डाबरोबर ठेवतात. मिरजेत पुन्हा रक्त घ्यायला आलेल्या पोराला त्यांनीच सांगितलं, “बाळा, आमचं रक्त निळ्या टोपणात घ्यायचं.”

ऑपरेशन नीट झालं. जड उचलायला मनाई आहे, पण ऐकतात कुठं! द्राक्षं निघाली की एक पेटी पोचवतो. नको म्हणू नका.

आपला,
तासगावचा एक बागायतदार