हास्यवर्गाच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

सिंहगड रस्त्यालगत आमच्या सोसायटीशेजारी महापालिकेचे जे उद्यान आहे, तिथे आपण रोज सकाळी सव्वासहाला जो हास्यवर्ग घेता, त्याबद्दल आपले आभार मानावेत असे फार दिवस मनात होते. समोरासमोर तो विषय काढला की आपण "त्यात काय एवढं" म्हणून सतरंजीची घडी घालायला लागता आणि बोलणे तिथेच राहते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, आपल्यासारखी माणसे अनेक गावांतल्या उद्यानांत भल्या पहाटे उठून, एक पैसा न घेता असे वर्ग चालवतात आणि त्यांना सहसा कोणी धन्यवादाचे दोन शब्दही लिहून पाठवत नाही.

माझी आई आटपाडीहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली होती आणि एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. सारा जन्म माणदेशात, उघड्या दाराच्या घरात गेलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला ओट्यावरून हाक मारायची तिची सवय. पुण्यात चौथ्या मजल्यावर दिवसभर लॅच लावून बसायचे तिच्या वाट्याला आले. तिने तक्रार कधीच केली नाही, परंतु तिचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत; संध्याकाळी विचारले तर "बरं हाय" एवढेच उत्तर मिळे. डॉक्टरांनी सपाटीवर थोडे चालायला सांगितले होते म्हणून ती सकाळी उद्यानात जाई, बाकावर बसे आणि कोणाशी न बोलता परत येई.

त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला आपण एके दिवशी येऊन बसलात आणि "कुठलं गाव?" एवढेच विचारलेत. तिने आटपाडी सांगताच आपण जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, दिघंची असे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवलेत. आपली उभी हयात एसटीत वाहक म्हणून गेली आणि त्यातली काही वर्षे याच मार्गावर गेली, हे तिला तेव्हा कळले. आपण तिला शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराविषयी विचारलेत, त्या वर्षीच्या पावसाविषयी विचारलेत, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत गाडीला कशी गर्दी होई ते सांगितलेत. त्या दिवशी आई घरी आली ती बोलतच आली. पुण्यात ती कोणाची आजी होती, कोणाची सासूबाई होती. आपण तिला आक्का म्हणालात, आणि आता अख्खा वर्ग तिला आक्काच म्हणतो.

आपण तिला लगेच हसायला उभे केले नाहीत, याचे मला विशेष वाटते. ऑपरेशन झाल्याचे कळताच आपण तिला स्पष्ट सांगितलेत की, डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी येईपर्यंत फक्त टाळ्या वाजवायच्या आणि संथ श्वास घ्यायचा. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आपण हर्निया आहे का, काचबिंदू आहे का, हृदयाचा त्रास किंवा आवाक्यात न येणारा रक्तदाब आहे का, अपस्मार आहे का, अलीकडे पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे बाजूला घेऊन, चारचौघांत अवघडायला होणार नाही अशा आवाजात विचारता. जोरात हसताना पोटावर आणि छातीवर ताण येतो, त्यामुळे ही विचारपूस आवश्यकच असते. परंतु उत्साहाच्या भरात ती नेमकी विसरली जाते. आपण ती कधी विसरल्याचे मी पाहिलेले नाही.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यामुळे आपली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हसण्याने अमुक आजार बरा होतो, असे आपण कधीही म्हणत नाही. एका गृहस्थांनी वर्गाला आल्यापासून रक्तदाबाची गोळी सोडल्याचे अभिमानाने सांगितले, तेव्हा आपण त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला लावलेत. हसण्याचे जे गुण खरोखर आहेत तेवढेच सांगितले तरी पुष्कळ आहेत. मोठ्याने हसताना फुप्फुसातली हवा जोराने बाहेर पडते, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात, आणि त्यानंतरचा श्वास आपोआप खोल जातो. बसून बसून उथळ श्वासाची सवय लागलेल्या वृद्धांना एवढ्यानेही बरे वाटते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इतरांसोबत मनसोक्त हसल्यानंतर माणसाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली होती. आईचे गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत. तरी वर्गाहून आल्यावर ती जिना धरून एक मजला चढते आणि मगच लिफ्टमध्ये शिरते, एवढे मात्र मी रोज पाहते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहीत आहे तिच्याकडे येते. मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अवघ्या पाच जणांसह पहिला हास्यक्लब सुरू केला, हे आपणच वर्गात सांगत असता. सुरुवातीला तिथे एकेकाने विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे, अशी रीत होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, कोणाला तरी लागेल असे विनोद येऊ लागले आणि काही जण दुखावले. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला आणि नुसत्या हसण्याचा व्यायाम सुरू केला. त्यांच्या योगशिक्षिका पत्नी माधुरी यांच्यामुळे त्याला प्राणायामाची जोड मिळाली. आज जगभरच्या हास्यवर्गांत विनोद नसतो, त्यामागे ही हकिकत आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी गप्पांमधल्या हसण्याच्या १२०० प्रसंगांची नोंद केली, तेव्हा विनोदासारखे काही बोलले गेल्यामुळे आलेले हसू २० टक्क्यांहूनही कमी भरले होते. माणूस बहुतेक वेळा सोबत असल्यामुळे हसतो, हे त्यांनी मोजून दाखवले. आपण ते रोज सकाळी घडवून आणता.

आपण हा नियम किती कसोशीने पाळता, हे मी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर येते तेव्हा डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या वर्तुळात कोणाच्या टकलावर, पोटावर, बोलीवर, जातीवर, सुनेवर किंवा सासूवर कोणी हसत नाही. कोणी सवयीने बायकोवरचा विनोद सुरू केला, तर आपण रागावत नाही. दोन टाळ्या वाजवून पुढचा प्रकार सुरू करता आणि तो विनोद अर्धाच राहतो. (आपल्या दोन टाळ्या म्हणजे डबल बेल, गाडी सोडा, एक टाळी म्हणजे थांबा, हे आता वर्गातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे.)

याचे मोल मला आईमुळे कळले. मोठ्याने हसणाऱ्या मुलीला दात काढू नको म्हणून दटावणाऱ्या घरात ती वाढली आणि तशाच घरात नांदायला गेली. हसू आले की पदर तोंडाला लावायचा आणि मान वळवायची, अशीच ती मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाईच्या मोकळ्या हसण्याला चार माणसे नावे ठेवतात आणि बाई स्वतः तर हमखास दुसऱ्यांच्या हसण्याचा विषय होते, हा तिच्या पिढीतल्या असंख्य जणींचा अनुभव आहे. तिला नुसते "हसा" म्हणून भागले नसते. इथे आपल्याला कोणी हसणार नाही, याची खात्री तिला आधी पटावी लागली, आणि ती आपल्या रोजच्या वागण्यातून पटली. तिचा पदर पहिल्यांदा सुटला तो ताक घुसळण्याच्या हास्याच्या वेळी. इतर वर्गांत लस्सीचा पेला या हातातून त्या हातात ओतल्याचा अभिनय करत हसतात. आपण गावाकडच्या मंडळींसाठी त्याऐवजी रवी धरायला लावता. आईने आयुष्यभर रवी ओढलेली. दोन्ही हात त्या जुन्या लयीत कामाला लागले, पदर धरायला हात उरला नाही आणि ती शेजारणीकडे बघून खळाळून हसली.

आपल्या एसटी हास्याविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. सगळ्यांनी डोक्यावरचा दांडा पकडल्यासारखा एक हात वर करायचा, खड्डा आला की डावीकडे झुकायचे, वळण आले की उजवीकडे, ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीपर्यंत यायचे आणि त्या सगळ्या हेलकाव्यांत हसत राहायचे. मधून आपली "पुढे सरका, मागं जागा लई हाय" अशी ललकारी. निवृत्त बँक अधिकारी, भाजीवाल्या मावशी, संगणक कंपनीतली दोन तरुण मुले आणि खुर्चीत बसून हेलकावे घेणारी माझी आई, असे सगळे एकाच गाडीतले प्रवासी होतात. खांद्याचा, कमरेचा आणि तोल सांभाळण्याचा इतका उत्तम व्यायाम त्यात होतो की, तो इतर वर्गांनीही उचलावा.

समोरच्या इमारतीतून पहाटेच्या आवाजाबद्दल तक्रार आली, तेव्हाचे आपले वागणेही मला आठवते. काही सभासदांना वाद घालायचा होता. आपण स्वतः त्या घरी गेलात, तिथे दहावीला बसलेली मुलगी आहे हे समजून घेतलेत, वर्ग उद्यानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेलात आणि परीक्षा संपेपर्यंत नुसते मौन हास्य घेतलेत. ओठ मिटून, डोळ्यांनी आणि खांद्यांनी हसायचे ते दिवस आईला अजून आठवतात. त्या काळात सर्वांत जास्त हसलो असे ती म्हणते. निकाल लागल्यावर त्याच घरातून वर्गासाठी पेढे आले.

आईला आता वर्गातल्या प्रत्येकाची खबर असते. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाचे दात काढले, कोण दोन दिवस आले नाही, हे ती आम्हाला जेवताना सांगते. नागपंचमीला आपण व्यायाम लवकर आटोपून तिला फेराची गाणी म्हणायला सांगितलीत. तिने खुर्चीत बसून गाणी म्हटली आणि वर्गातल्या बायकांनी तिच्याभोवती फेर धरला. त्या दिवसापासून ती दर आठवड्याला एक गाणे आठवून मला वहीत उतरवून घ्यायला लावते. माहेरची म्हणून तिच्याजवळ किती ओव्या आहेत, हे मलाही इतकी वर्षे माहीत नव्हते.

आपण वर्गणी घेत नाही आणि भेटवस्तू परत करता, हे ठाऊक असल्यामुळे तसले काही पाठवत नाही. एक विनंती मात्र आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्य दिन असतो. त्या सकाळचा सगळ्या वर्गाचा नाश्ता आमच्याकडे असावा, अशी आईची इच्छा आहे. ज्वारीचे धपाटे, घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी, असा बेत तिने ठरवला आहे. पीठ ती दुसऱ्या कोणाला मळू देणार नाही, हेही तिने बजावले आहे. किती जण येतील तो आकडा आपण आठवडाभर आधी कळवावा, म्हणजे ज्वारी आटपाडीहून मागवता येईल.

आपली नम्र,
आक्कांची मुलगी