महापौरांचं नाव कितव्या ओळीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिल्लीच्या महापौरपदी राजा इक्बाल सिंग निवडून आल्याची बातमी गेल्या महिन्यात, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, आपल्या अंकात आतल्या पानावर वाचली. त्यांना १३३ मतं, काँग्रेसच्या उमेदवाराला ८, आणि आम आदमी पक्षाचा बहिष्कार. बातमी आठ-दहा ओळींत आटोपली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त तिच्यात 'राजधानीचे प्रथम नागरिक' असे शब्द होते, ते माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगतो. माझा धंदा कोनशिलांचा. कळव्यात खारीगावच्या बाजूला पत्र्याची शेड आहे. एकोणतीस वर्षं झाली. भूमिपूजन, उद्घाटन, नामकरण, लोकार्पण, जे म्हणाल ते दगडावर घालून देतो. पूर्वी छिन्नी-हातोडीने अक्षर काढायचो, एका शिळेला चार दिवस जायचे. आता अक्षरं मशीनवर कापून त्यांचा स्टिकर काळ्या ग्रॅनाइटवर चिकटवायचा आणि वाळूचा मारा करायचा, अर्ध्या दिवसात काम. सोनेरी रंग मात्र मी अजून हातानेच भरतो, बारीक ब्रशने, कारण वेलांटीच्या वळणात स्प्रे पसरतो आणि नाव घाणेरडं दिसतं.

या धंद्यात अक्षरापेक्षा अवघड असतो क्रम. कंत्राटदाराचा माणूस कागद घेऊन येतो, त्यावर नावं. 'शुभहस्ते' कोण, 'प्रमुख उपस्थिती' कोणाची, मग खासदार, महापौर, आमदार, उपमहापौर, सभागृह नेते, विरोधी पक्षनेते, सभापती, स्थानिक नगरसेवक आणि तळाशी आयुक्त. एकाच शिळेचा कागद तीनदा बदलून येतो. महापौर आमदाराच्या वर की खाली, यावरून माझ्या शेडमध्ये फोनवर भांडणं झालेली मी ऐकली आहेत. अक्षराचा आकारसुद्धा मोजतात हो! एकाने खरोखर फूटपट्टी आणली होती.

एकदा एका व्यायामशाळेची शिळा करून ठेवली. उद्घाटन आज होईल, उद्या होईल असं करता करता पाच महिने लांबलं, तेवढ्यात महापौरांची अडीच वर्षं संपली आणि नवे महापौर बसले. शिळा बाद. कंत्राटदार (नाव घेत नाही) म्हणाला, तुझी तू बघ. ती फरशी आज आमच्या घरी न्हाणीत उलटी बसवलेली आहे. खाली कोणाचं नाव आहे ते ठाऊक असल्यामुळे अंघोळीला उभं राहताना अजून जरा अवघडल्यासारखं होतं.

म्हणून महापौर किती दिवस टिकतो हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. आपल्याकडे अडीच वर्षं तरी मिळतात, दिल्लीत एकच वर्ष. कायदाच तसा आहे: सभागृह पाच वर्षांचं, महापौर पाच. पहिलं वर्ष महिलेसाठी राखीव, तिसरं अनुसूचित जातीसाठी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी दिल्लीला गेलो होतो, भाचीच्या साखरपुड्याला. मेव्हणे मूळ विट्याकडचे, करोलबागेत गलाईचं दुकान आहे, सोनं गाळायची भट्टी. तीस वर्षं तिथे काढलीत. सकाळी फिरायला निघालो की मी सवयीने भिंतींवरच्या शिळा वाचत चालायचो, मेव्हणे पुढे जाऊन चहाच्या टपरीवर वाट बघायचे. कितीतरी शिळांवर 'उत्तरी दिल्ली नगर निगम' असं कोरलेलं. म्हटलं, ही कुठली पालिका? तर २०१२ साली दिल्ली महापालिकेचे तीन तुकडे केले होते, उत्तर, दक्षिण आणि पूर्व, आणि २०२२ मध्ये पुन्हा एक केलं. म्हणजे दहा वर्षं राजधानीला एकाच वेळी तीन-तीन महापौर, आणि तिघेही दर वर्षी बदलणारे. आमच्या धंद्याची दिवाळीच झाली असेल तिकडे! गंमत म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये निवडून आलेले इक्बाल सिंग त्या उत्तर दिल्लीचे महापौर होऊन गेलेले आहेत.

आम्ही तिथे होतो त्याच आठवड्यात, १४ नोव्हेंबरला, महेश खिची महापौर झाले. १३३ विरुद्ध १३०, अगदी काठावर. मी मेव्हण्यांना विचारलं, तुमचा महापौर कोण? ते म्हणाले, "दाजी, खरं सांगू? माहीत नाही. नगरसेवक माहीत आहे, मुख्यमंत्री माहीत आहे. महापौराकडे काय काम पडतं?" मला त्यांचा राग आला नाही. महापौर घरातल्या पाहुण्यासारखा येऊन जात असेल तर नाव लक्षात तरी कशाला ठेवायचं?

आता हिशेब बघा. दिल्लीत ४ डिसेंबर २०२२ ला मतदान झालं. महापौर निवडायला सभागृह ६ जानेवारीला भरलं, तर धक्काबुक्की झाली. २४ जानेवारीला भरलं, तहकूब. ६ फेब्रुवारीला भरलं, पुन्हा तहकूब. वाद हा की नायब राज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांना मत द्यायचा अधिकार आहे का. शेवटी सुप्रीम कोर्टाने १७ फेब्रुवारीला सांगितलं की नाही. २२ फेब्रुवारीला शैली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी निवडून आल्या, आणि ३१ मार्चला त्यांचं 'वर्ष' संपलं! अडतीस दिवस. तेवढ्यात मला शिळेचा दगडसुद्धा वेळेवर येत नाही. एप्रिलमध्ये त्या पुन्हा निवडून आल्या, ते ठीक. पण पुढच्या एप्रिलमध्ये, २०२४ ला, अनुसूचित जातीचं वर्ष होतं आणि तेव्हा निवडणूकच झाली नाही. ती झाली थेट नोव्हेंबरात. म्हणजे पाच वर्षांतून एकदा येणारं ते वर्ष खिचींच्या वाट्याला जेमतेम पाच महिने आलं. कायद्याने दिलेलं वर्ष कोणी काढून घेतलं नाही, फक्त उशीर केला. याबद्दल आपल्याकडे कोणी दोन ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या बातमीतही त्याचा उल्लेख नव्हता.

प्रथम नागरिक म्हणाल तर राष्ट्रपती भवन, संसद, कॅनॉट प्लेस हा नवी दिल्लीचा भाग या महापौरांच्या हद्दीतच येत नाही. तिथे वेगळी परिषद आहे, तिचा अध्यक्ष सरकारने नेमलेला अधिकारी. छावणीचा भाग तोही वेगळा. राहिलेल्या दिल्लीत आयुक्त केंद्र सरकार नेमतं आणि कारभाराच्या चाव्या त्याच्याकडे. तिजोरीची मोठी कामं स्थायी समितीतून जातात, तर ती समिती २०२२ च्या निवडणुकीनंतर जवळजवळ अडीच वर्षं बसलीच नव्हती. अशा खुर्चीवर बसणाऱ्याला शिळेत चौथी ओळ दिली काय आणि पहिली दिली काय!

आणि तरी या खुर्चीची सुरुवात किती मोठी होती. १९५८ साली दिल्ली महापालिका झाली तेव्हा पहिल्या महापौर अरुणा असफ अली. ९ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर तिरंगा फडकवला त्याच. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिलेला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. हिंदीतही तोच चालतो. कोरायला सोपा शब्द आहे, जोडाक्षर नाही, कुठे तुटत नाही.

आमचा पुतण्या इंग्लंडमध्ये आहे. त्याने सांगितलं ते मला फार आवडलं. लंडनमध्ये दोन महापौर आहेत. एक लॉर्ड मेयर, जुन्या 'सिटी' भागाचा, दर वर्षी नवा, सोनेरी बग्गीतून मिरवणूक निघते. दुसरा अख्ख्या लंडनचा, लोकांनी थेट निवडलेला, चार वर्षांसाठी. हा दुसरा २००० साली आला. त्याआधी चौदा वर्षं शहराची एकत्र कारभार करणारी संस्थाच नव्हती, १९८६ मध्ये ती मोडून टाकली होती. केन लिव्हिंगस्टन त्या मोडलेल्या संस्थेचे नेते होते, तेच अपक्ष उभे राहून पहिले महापौर झाले. २००३ मध्ये शहराच्या मधल्या भागात गाडी आणायला पाच पौंड आकार लावला, लोकांनी शिव्या दिल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. शिव्या कोणाला द्यायच्या हे तरी लोकांना माहीत होतं. दिल्लीला आपण नेमका बग्गीवाला महापौर दिला आहे, बग्गी सोडून.

यावर लोक म्हणतील, मग आपणही थेट निवडा. मला ते पटत नाही. पॅरिसचा महापौर आपल्यासारखाच नगरसेवक निवडतात. पण त्याची मुदत सहा वर्षांची, आणि कारभार त्याच्या हातात. तिथेही १८७१ पासून १९७७ पर्यंत महापौरच नव्हता, राजधानीतला बलवान माणूस सरकारला नको होता. मग जॅक शिराक आले, अठरा वर्षं राहिले आणि तिथून राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा निवडतो कोण, हा प्रश्न दुय्यम. तो किती दिवस बसतो आणि त्याचं कोण ऐकतं, एवढंच मी बघेन.

आपल्याकडे ऐकतं कोण? नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, तो वाद वेगळा, माझं मत तर मुंढ्यांच्या बाजूचं होतं. पण सरकारने ठराव बाजूला ठेवला आणि आयुक्त खुर्चीवर राहिले. एकशे चार हात वर झाले तरी आयुक्त हलत नाही, तर एकट्या महापौराने काय करायचं? त्याला आयुक्ताची बदली मागता येते, करता येत नाही.

म्हणून मग ही खुर्ची पायरी होते. आमच्या ठाण्यात महापौर राहिलेले राजन विचारे खासदार झाले, नरेश म्हस्के झाले. दिल्लीत तर महापौरपदाची निवडणूक हरलेल्या रेखा गुप्ता दोन वर्षांत मुख्यमंत्री झाल्या. त्यात वाईट काही नाही. पण जो तो पुढच्या पायरीकडे बघतो, पायाखालच्या पायरीकडे बघत नाही.

आता, मे २०२५ मध्ये हे लिहितो आहे तेव्हा, तर पायरीही नाही. मार्च २०२२ पासून ठाण्यात आणि मे २०२० पासून नवी मुंबईत महापौरच नाही. माझ्या शिळांवर त्याचा परिणाम असा की तळाच्या ओळीतलं नाव वर सरकलं आणि पद लांब झालं: 'आयुक्त तथा प्रशासक'. 'स्थानिक नगरसेवक' ही ओळ गेली. 'माजी' हा शब्द मी गेल्या तीन वर्षांत जेवढा कोरला तेवढा आधीच्या सव्वीस वर्षांत कोरला नव्हता. आता ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितल्यात. होतील. मग महापौरपदाची सोडत निघेल, चिठ्ठीवर दोन दिवस चर्चा चालेल, आपणही पहिल्या पानावर छापाल.

माझी विनंती इतकीच की त्याआधी आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक पक्षाला दोन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं नावानिशी छापावीत. महापौराला सभागृहाएवढी, म्हणजे पाच वर्षांची मुदत द्यायला तयार आहात का? आणि आयुक्ताचा वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे वर्षभराच्या कामावरचा शेरा, महापौराने लिहावा, हे मान्य आहे का? दुसऱ्या प्रश्नावर सगळे पक्ष एकत्र येऊन घसा खाकरतील असा माझा अंदाज आहे.

पत्र छापल्यास नाव छापू नये. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते सगळे माझे गिऱ्हाईक आहेत आणि गुरुवारी एका उद्यानाची शिळा द्यायची आहे. कंत्राटदाराचा माणूस कालच येऊन सांगून गेला की खाली दोन ओळींची जागा मोकळी सोड, पावसाळ्यानंतर बघू. सोडली आहे.

आपला नियमित वाचक,
एक कोनशिलावाला
कळवा, ठाणे