आईंच्या पामबद्दल, सविस्तर

ठाणे, मृग नक्षत्र

प्रिय शोभा,

तुझं पत्र मिळालं. आई वॉकर घेऊन का होईना, हॉलपर्यंत चालत आल्या हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! खुब्याचं ऑपरेशन, पुण्याला भावाकडे काढलेले इतके महिने, आणि आता नागपूरच्या आपल्या घरी. आल्या आल्या त्यांनी खिडकीजवळच्या पामची चौकशी केली, यात मला नवल वाटलं नाही. तू लिहितेस, "टाकून देऊन तसाच नवा आणू का? त्यांना कळणारही नाही." शोभा, असं करू नकोस. त्यांना कळेल. शिवाय तू जे वर्णन केलं आहेस, त्यावरून ते झाड मेलेलं नाही असं मला वाटतं.

आधी ते नक्की करून घे. तुमचा तो अरेका पाम. त्याच्या प्रत्येक खोडाच्या शेंड्याला मधोमध एक न उलगडलेलं, सरळ उभं पान असतं, तो त्याचा कोंब. दोन बोटांनी धरून अगदी हलकेच ओढून बघ. घट्ट बसलेला आणि हिरवा असेल तर ते खोड जिवंत आहे, बाकीची पानं कशीही दिसोत. सहज हातात आला आणि बुडाशी कुजका वास असेल तर ते खोड गेलं. आमच्याकडे कोकणात गेंड्या भुंग्याला एवढं घाबरतात ते याचसाठी. तो माडाचा कोंब पोखरतो, आणि शेंडा गेला की माड गेला. त्याला बाजूने फांदी फुटत नाही. अरेकाचं मात्र बेट असतं, एका कुंडीत बरीच खोडं. त्यामुळे दोन-चार गेली तरी ती मुळापाशी कापून टाकायची, बाकीची जगतात.

आता पाण्याचं. "पाणी घातलं की लगेच खालच्या ताटलीत उतरतं," असं तू लिहिलंस, त्या एका वाक्यात अर्धं निदान आहे. नर्सरीची लाल माती महिनोन् महिने अर्धवट सुकली की विटेसारखी होते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग शेजारच्या काकूंनी कितीही प्रेमाने तांब्याभर पाणी घातलं तरी ते त्या फटीतून खाली जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. म्हणून वरून ओतत बसू नकोस. कुंडी टबात ठेव, निम्म्या उंचीपर्यंत पाणी भर, आणि बुडबुडे थांबून वरची माती ओली दिसेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच राहू दे. मग बाहेर काढून पूर्ण निथळू दे आणि कडेची फट मातीने भर. मातीवर पांढरा थर आलाय का तेही बघ. बोअरच्या पाण्यातले क्षार असे साठतात आणि पानांची टोकं करपवतात. थर खरवडून काढ, आणि माती भिजल्यावर भरपूर साधं पाणी वरून घालून खालून वाहून जाऊ दे. पावसाचं पाणी धरता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. पुढे मात्र वरची इंचभर माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नको, आणि ताटलीत साचलेलं ठेवायचं नाही.

पानांच्या बाबतीत तुझी कात्री आवर, ही माझी कळकळीची विनंती. पूर्ण वाळून तपकिरी झालेलं पान खुशाल काप. अर्धं पिवळं, अर्धं हिरवं असेल ते राहू दे, कितीही वाईट दिसलं तरी. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडलं की पाम जुन्या पानांतून ते काढून घेतो आणि नव्या पानाला देतो. ते पिवळं पान म्हणजे त्याची शिल्लक आहे. तू ते कापलंस की तो वरच्या पानातून घेऊ लागतो, आणि पिवळेपणा एकेक पान वर चढत जातो. नुसती टोकं करपली असतील तर ती छाट, पण तपकिरी रंगाची बारीक किनार ठेवून. हिरव्यात काप गेला तर तिथून पुन्हा सुकतं.

पानांच्या मागे बारीक जाळं आणि धुळीसारखे ठिपके आहेत म्हणतेस. पांढरा कागद खाली धरून पान झटक. ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी. हा पाम मूळचा मादागास्करच्या दमट पूर्व किनाऱ्याकडचा आणि तुमच्याकडचा मे महिना हा असा, त्यात घर बंद. कोरड्या उन्हाळ्यात ही कीड झपाट्याने वाढते. बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली पानं धू, मागची बाजू विशेष. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवार. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी एका फवारणीत जात नाहीत. रोज स्प्रेच्या बाटलीने पानं ओलसर करण्यात मात्र वेळ घालवू नकोस, तो ओलावा काही मिनिटांत उडून जातो.

जावईबापू त्याला थेट गच्चीत नेऊन ठेवू म्हणतात, त्यांना थांबव. इतके महिने पडद्याआड राहिलेली पानं उन्हात भाजतील, आणि भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही. पूर्वेच्या खिडकीपासून आधी चार-पाच फुटांवर ठेव, मग हळूहळू जवळ आण. हवा शुद्ध होते म्हणून तो आईंच्या उशाशी ठेवायचा बेतही सोड. घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं ज्यांवरून म्हणतात, त्या नासाच्या १९८९ च्या चाचण्या लहान बंद पेट्यांमधल्या होत्या, राहत्या खोलीत एका कुंडीने तसा फरक पडत नाही. त्याला उजेड हवा आहे, आणि आईंना तो खिडकीशीच आवडतो.

खत आत्ता अजिबात नको. तहानलेल्या मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत. कुंडीही बदलू नकोस. मुळं दुखावली की पामला ते सोसत नाही. नवं पान पूर्ण उलगडलं की मूठभर गांडूळखत दे. मुळं कुंडीत मावत नसतील तर पुढच्या पावसाळ्यात दोन इंच मोठी कुंडी बघू, आणि तेव्हाही खोड आधीपेक्षा खोल पुरायचं नाही.

पुढचे काही आठवडे तो आत्तापेक्षाही वाईट दिसेल, कारण जी पानं आतून गेलीत ती वाळणारच. आईंना हे आधीच सांगून ठेव. तू फक्त कोंबाकडे बघत राहा. त्याच्या बुडाशी दोऱ्याने एक खूण बांध आणि तो त्याच्या वर सरकतो का ते आठवड्याने पाहा. हे काम आईंनाच दे, खुर्चीत बसून होण्यासारखं आहे.

कोंबांचा आणि मुळापाशी खोडं जिथे मातीत शिरतात तिथला, असे दोन फोटो पाठव. आणि कुंडीच्या खालची भोकं मोकळी आहेत का ते आधी बघ, टबात ठेवण्यापूर्वी. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मंदा