क्रूसामागची झावळी

रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

येत्या बुधवारी, १८ तारखेला, राखेचा बुधवार, आपल्या उपवासकाळाचा पहिला दिवस. गेल्या वर्षीच्या झावळ्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी मंगळवारपर्यंत चर्चमध्ये आणून द्याव्यात, असं आज मिस्सेनंतर फादरांनी सांगितलं. त्या जाळूनच बुधवारची राख होणार. घरी आल्या आल्या मी खोलीतल्या क्रूसामागची झावळी काढायला घेतली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, १३ एप्रिलला, हातात आली तेव्हा हिरवीगार होती, तिचा ओला वास दिवसभर बोटांना येत होता. आज खिळ्यातून सोडवताना टोकाशी कट्कन मोडली. ती होती तिथे भिंतीवर एक बारीक तिरकी रेघ राहिलीय, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ.

झावळी टेबलावर ठेवली आणि तुला लिहायला बसलो. आधी हे पत्र, मग चर्च, असं मनाशी ठरवलंय. कारण आजचंच शुभवर्तमान. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला मोठा उतारा, फादरांनी पूर्ण वाचला. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. इतकी वर्षं ऐकतोय, पण एक गोष्ट आज पहिल्यांदा कानात शिरली. तुझ्या मनात त्याच्याविषयी काही आहे का, असं प्रभू विचारतच नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी काय आहे, हे विचारतो. म्हणजे उठून जायचं ते मी.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, ताई. बाबा अंथरुणाला खिळले ते आठ महिने तू एकटीनं काढलेस. मी पैसे पाठवत राहिलो. आणि एकदा तू फोनवर म्हणालीस, "पैशांचं होईल रे काहीतरी, तू चार दिवस ये," तेव्हा मी म्हणालो, "पाठवतोय ना सगळं, आणखी काय करू?" त्यानंतर आपण बोललो ते फक्त कामापुरतं. दोन वर्षं झाली.

बुधवारी मत्तयाचा सहावा अध्याय असतो. दान करशील तेव्हा पुढे कर्णा वाजवू नकोस, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. तो वाचायला मला भीती वाटतेय. दर महिन्याला पैसे पाठवले की त्याची पावती मी घरच्या ग्रुपवर टाकायचो, आठवतं? हिशोब सगळ्यांना कळावा म्हणून, असं मी म्हणायचो. खरं ते नव्हतं. मी कर्तव्य करतोय हे काका-आत्यांनी बघावं म्हणून टाकायचो. तो माझा कर्णा होता. आणि त्या खोलीत बाबांची कूस बदलणारी तू ग्रुपवर कधी एक ओळ लिहिली नाहीस.

त्याच वाचनात येतं की उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. आणि ते ऐकून लगेच आपण कपाळावर राख लावून बाहेर पडतो. लहानपणापासून मला हे कोडं वाटायचं. रोममध्ये ती राख कपाळाला न लावता डोक्यावर भुरभुरतात. केसांत जाते, कुणाला दिसतही नाही. मला वाटतं, राख कपाळावर असो की केसांत, तिचा बोभाटा करायचा की नाही हे आपल्याच हातात असतं. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" हे वाक्य मी या वेळी बाबांना आठवून ऐकणार आहे.

उपवासाचं म्हणशील तर राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं, हा नियम वयाच्या १८ पासून ५९ पूर्ण होईपर्यंतच आहे. तू त्यातून बाहेर पडलीस. शिवाय तुझ्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. तेव्हा दरवर्षीसारखी हट्टानं कडक उपवास करू नकोस, एवढं ऐक. माझ्यापुरतं म्हणशील, तर नुसतं पोट रिकामं ठेवून भागणार नाही. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात. त्याचाच काही भाग गेल्या रविवारीही होता. देवाला हवा तो उपवास कोणता, तर भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, उघड्याला पांघरूण घालणं, आणि शेवटी, आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड न लपवणं. मी पहिल्या दोन गोष्टींसाठी पैसे देत आलो आणि तिसरीला सात समुद्रांचं अंतर पुढे केलं.

शनिवारी पापनिवेदनाला जाणार आहे. फादर पापक्षमा देतील, त्यावर माझी श्रद्धा आहे. पण क्षमा मिळाली तरी ज्याचं नुकसान केलं ते भरून काढायची जबाबदारी सुटत नाही, हेही आपल्या धर्मशिक्षणातच शिकवलंय. ते आठ महिने मला परत आणता येणार नाहीत. म्हणून निदान माफी तरी तुझ्याकडेच मागतो, दुसऱ्या कुणाकरवी नाही. ताई, मला माफ कर. मी यायला हवं होतं. रजा मिळत होती.

मंगळवारनंतर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीपर्यंत मिस्सेत 'आलेलुया'चा जयघोष नाही. चर्चच्या त्या मौनाला शेवट ठरलेला असतो, या वर्षी ४ एप्रिलची रात्र. आपल्यातल्या मौनाला मी कधी कुठली तारीखच दिली नव्हती. पास्काला मी तिकडे येतोय. तिकीट काढलंय, दोन आठवड्यांची रजाही मंजूर झाली. बाबांच्या कबरीवर तुझ्याबरोबर जायचंय.

टपालानं हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून हातानं लिहून त्याचे फोटो तुला पाठवतोय. फक्त तुला, ग्रुपवर नाही. आजच्या शुभवर्तमानातला तो समेटाचा भाग २७ तारखेच्या शुक्रवारी पुन्हा येतो. त्या दिवशी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपली की मी फोन करीन. उचलावासा वाटला नाही तर नको उचलूस, पुढच्या शुक्रवारी पुन्हा करीन.

भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ